वन्संचा उजवा गुडघा

९ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवून देता, आणि पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. फाडता येतं, पण फाडण्याआधी तुम्ही ते शेवटपर्यंत वाचणार याची मला खात्री आहे.

हे परवा तुमच्याकडून आले ते तोंड पाडूनच. तुम्ही जिन्यावरून बसून, एकेक पायरी घसरत खाली मागापाशी येता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणे. जेवायला पुन्हा वर चढावं लागू नये म्हणून सकाळीच डबा घेऊन उतरता, हेही कळलं. त्यावर तुमच्या बंधुराजांनी, घरात कोणाला काही न विचारता, निर्णय घेऊन टाकला. मार्च संपला की मागाच्या खोलीला कुलूप, माग सुटा करून कोणाला तरी देऊन टाकायचा, आणि तुम्ही कायमच्या आमच्याकडे, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत.

आता स्पष्टच लिहिते. मला तुम्ही इथे नको आहात. तुम्हालाही इथे यायचं नाही. मी या घरात आल्यापासून आपलं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, तेव्हा तिचा काही उपयोग करून घेऊ.

गुडघा बदलायचं ऑपरेशन नको म्हणता, तर नका करू. पण नोकरीचा सगळा काळ मी ऑपरेशन थिएटरात काढला आहे, तेव्हा एवढं ऐका. गोळ्या आणि नवा गुडघा यांच्यामध्ये काहीच नाही असं नाही. सांध्यात वंगणासारखं औषध भरतात, ते एक. दुसरं म्हणजे, दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या गुडघ्याभोवतीच्या बारीक नसा सुईच्या टोकाने तापवून बंद करतात. तिसरा उपाय जरा नवा आहे. मांडीतून बारीक नळी घालून, सुजलेल्या अस्तराला फाजील रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करतात. यातल्या कशातच चिरफाड नाही, संध्याकाळी माणूस आपल्या पायांनी घरी. माझ्या जुन्या ओळखीचे एक डॉक्टर हेच काम करतात. हो म्हणा, वेळ मी घेते.

तुमचा गुडघा बरा होण्यात माझा सरळसरळ स्वार्थ आहे. निदान या बाबतीत तरी माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

लोभ आहे तेवढाच असू द्यावा, जास्त मागत नाही.

आपली,
वहिनी


१७ जानेवारी

सौ. वहिनींस,
अनेक आशीर्वाद. (मोठ्यांनी द्यायचे असतात म्हणून.)

पत्र पोचलं. फाडलं नाही, कारण कागद जाड आहे, धाग्याची गुंडी करायला उपयोगी पडेल.

घसरत उतरते ते माझ्या जिन्यावरून. तुमच्या जिन्यावरून नाही. धाकट्याला हे सगळं तुमच्यापाशी ओकायची गरज नव्हती, पण लग्न झाल्यापासून त्याच्या पोटात काही राहतच नाही. इथे आला तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलला नाही. नुसता मागाभोवती फिरला आणि कुठला खांब आधी सुटेल ते बघत होता. या मागावर मी विणलेल्या चादरी घेऊन तो पहिल्यांदा वसतिगृहात राहायला गेला होता, हे त्याला आठवतं का विचारा.

गुडघा बदलणार नाही म्हणते त्याला कारण आहे, हट्ट नाही. पाय खालच्या पावड्या दाबतात तेव्हा वर ताण्याचे उभे धागे उघडतात आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो, एवढं तुम्हाला माहीत असेल. पण त्या पावड्यांच्या दोऱ्या सैल पडतात, आणि त्या बांधायला मागाखाली गुडघ्यांवर रांगत शिरावं लागतं. गल्लीतल्या शिंपीणबाईंनी गुडघा बदलला. छान चालतात, पण त्यावर टेकून बसवत नाही म्हणतात. मला चालायला नको आहे, मला मागाखाली शिरायचं आहे. वंगणाची सुई इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी देऊन झाली. काही दिवस बरं वाटलं, मग होतं तेच.

तुमच्या घरी यायचा प्रश्नच नाही. तुमच्या लग्नात दिलेली चादर मी अख्खा हिवाळा बसून विणली होती. पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा ती कुठे होती? इस्त्रीच्या टेबलावर, चौघडी घालून, मधोमध करपलेला डाग. त्याच दिवशी म्हटलं होतं की या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही, आणि ओलांडला नाही.

तुमच्या त्या सुईवाल्याला मात्र भेटते. माग वाचवायला भेटते, तुमचा सल्ला पटला म्हणून नाही. बसने येईन आणि बसनेच परत जाईन. घरी चला, चहा तरी घ्या, असलं काही मधे काढू नये.

तुमचा लोभ तुमच्यापाशीच सुखरूप राहो.

नणंद


२६ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

चहाचं सोडा, पाणीसुद्धा विचारणार नाही. एकोणीस फेब्रुवारीची वेळ मिळाली आहे. मी दवाखान्याच्या दाराशी असेन. डॉक्टरांची भाषा तुम्हाला कळवायला कोणीतरी लागेल, नाहीतर तुम्ही त्यांच्याशीही भांडाल.

चादरीचं म्हणाल, तर मी त्या वेळी नव्याने कामाला लागलेली नर्स होते. रोज पहाटे गणवेशाला कडक इस्त्री हवी, आणि घरात इस्त्रीखाली घालायला एवढं जाड, एवढं सपाट दुसरं कापड नव्हतं. यात अपमान कुठे आला हे मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळत नाही.

आता कामाचं. तुमच्या हाडाच्या डॉक्टरांकडून एक्स-रे मागवून घेतला, तो बघून इथल्या डॉक्टरांना नसा तापवायचा उपाय बरा वाटतो. पण त्याआधी एक चाचणी असते. त्या नसांपाशी नुसतं भुलीचं औषध टोचतात. ते थोडा वेळच टिकतं. तेवढ्या वेळात तुम्ही बसायचं नाही. जिना चढायचा, उतरायचा, ज्याने ज्याने दुखतं ते सगळं करून बघायचं. दुखणं बरंच कमी झालं तर नेमक्या त्याच नसा दोषी, मग त्या पुढच्या वेळी तापवून बंद करायच्या. फरक नाही पडला तर तापवण्यात अर्थ नाही. सगळं ठरतं ते तुम्ही संध्याकाळी फोनवर काय सांगता त्यावर. आत डोकावून बघायला दुसरं यंत्र नाही.

हेही सांगते की याने झीज भरून येत नाही. गुडघा जुना तो जुनाच. नसा महिन्यांनी, कधी वर्षाने पुन्हा वाढतात, मग पुन्हा तापवता येतात. मी म्हणजे अमृत विकत नाही.

एकच काळजी आहे. दुसऱ्याचं बरोबर होतं हे म्हणायची तुमच्या घराण्यात पद्धत नाही. मामंजींना दुकानदार म्हणाला होता की बूट एक नंबर मोठा घ्या. मामंजींनी ते चावणारे बूट तळ जाईपर्यंत घातले, रोज रात्री पाय गरम पाण्यात घालून बसले, पण दुकानदाराचं बरोबर होतं हे काही बोलले नाहीत. ह्यांचंही तेच. तेव्हा कृपा करून डॉक्टरांना खरं सांगा. फरक पडला तर त्याचं श्रेय मी घेणार नाही. थोडंसंच घेईन.

राग असावा, पण गुडघ्याला लागेल इतका नसावा.

आपली,
वहिनी


२१ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुमचं ते रुग्णालय म्हणजे एक बाजारच आहे. बाकावर एवढा वेळ बसवलंत की गुडघ्याबरोबर पाठही धरली. तुमचे डॉक्टर वयाने पोरसवदा आणि हात गार. पडद्यावर आत शिरणारी सुई स्वतःच बघा म्हणाले. मी छताकडे बघितलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी सांगितलं की काही फरक पडला नाही. होतं तेवढंच दुखतंय. ते दोनदा विचारत होते, मी दोनदा तेच सांगितलं. मग म्हणाले की तसं असेल तर नसा तापवून उपयोग नाही, सध्या इथेच थांबू. झालं. तुमचं शास्त्र तोंडावर पडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं असं लिहायला हवं, पण खोटं कशाला लिहा.

आता धाकट्याला काय करायचं ते करू दे. मी अडवणार नाही, अडवायला पाय धड लागतात. ती मागची खोली कशी आहे ते एकदा कळवा. खिडकी कुठल्या बाजूला उघडते? उजेड सकाळचा येतो की दुपारचा? किती वाईट आहे ते आधी कळलेलं बरं, म्हणून विचारते.

लोभाचं काय ते तुम्ही ठरवा, माझं वय झालं.

नणंद


२७ फेब्रुवारी

ती. वन्संना,

आज सा. न. वि. वि. नाही. आज नमस्कार करायची इच्छा नाही.

तुम्ही खोटं बोललात. मी तुम्हाला बघितलं आहे.

चाचणी झाल्यावर तुम्ही मला औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभं केलंत आणि लिफ्टने खाली जाते म्हणालात. लिफ्टपाशी गर्दी होती. तुम्ही जिन्याकडे वळलात. मी रांगेतून बघत होते. एकापुढे एक पाऊल टाकत, कठड्याला हात न लावता, तुम्ही उतरलात. वळणावर थांबलात, कोणी बघत नाही ना ते बघितलंत, परत थोड्या पायऱ्या वर आलात आणि पुन्हा उतरलात. लहान मुलीसारख्या हसत होतात. मी तुम्हाला इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलेलं नाही. नंतर बसची उंच पायरी तुम्ही पिशवीसकट एका दमात चढलात. मी खांबामागे होते.

इतक्या रोग्यांना मी चाचणी लागू पडावी म्हणून प्रार्थना करताना पाहिलं आहे. कितीजणांना ती लागू पडत नाही आणि ते तोंड फिरवून रडतात. तुम्हाला ती लागू पडली, आणि तुम्ही नाही म्हणालात. कशासाठी? तर वहिनीचं बरोबर होतं असं म्हणावं लागू नये म्हणून. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, यापेक्षा वेगळं काय आहे हे? आणि नाकसुद्धा नाही, पाय. माग जाणार तुमचा, घर सुटणार तुमचं, आणि येऊन बसणार कुठे, तर माझ्या उरावर.

डॉक्टरांना मी एका फोनवर खरं सांगू शकते. सांगणार नाही. दुखणं तुमचं आहे, ते तुमच्याच तोंडून आलं पाहिजे. ह्यांनी काल खोलीची साफसफाई सुरू केली. तुम्ही हवं ते करा.

खिडकी पूर्वेला आहे.

वहिनी


६ मार्च

सौ. वहिनींस,
आशीर्वाद आवरते घेतले आहेत.

मोठ्या माणसांवर खांबाआड उभं राहून पाळत ठेवायची, हे नर्सिंगच्या शाळेत शिकवतात का? पाहिलंत तर पाहिलंत. बसची पायरी मी दुखऱ्या पायानेही चढते. माणसाने जिन्यात हसू नये असा काही नियम आहे का?

समजा, क्षणभर समजा, की तेव्हा थोडं बरं वाटलं. मग काय? घरी आले, जिना चढले, वर गेले. वर काय आहे? पलंग आहे, एक खुर्ची आहे, शेगडी आहे. पुन्हा खाली आले आणि मागावर बसले. पावड्या पूर्वीसारख्या चालत होत्या. चादरीची आख्खी किनार विणून होईपर्यंत पायाने हूं की चूं केलं नाही. हे कोणाला तरी सांगावं म्हणून उठले. शिंपीणबाईंच्या घराला कुलूप होतं. भिंतीला सांगितलं. तेवढ्यात तुमच्या सुईवाल्याचा फोन आला.

गुडघा बरा झाला की हे असंच चालणार, पुढची कितीतरी वर्षं. वर आणि खाली, खाली आणि वर. धाकटा सहा महिन्यांतून येऊन कसं काय विचारणार, गुडघा बरा आहे ना, मग ठीक आहे म्हणणार आणि पुढची बस पकडणार. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही, तुमच्या घरात भांडायला तरी माणसं आहेत.

असो. नको तेवढं लिहून झालं, पण कागद वाया घालवायची मला सवय नाही. माग इथे कोणी घेत नाही असं धाकटा म्हणतो. मोडून लाकडं करणार असेल तर मला आधी सांगा, मी त्या दिवशी घरी थांबणार नाही. पूर्वेची खिडकी म्हणता, ती मोठी आहे की झरोकाच आहे? आणि मागच्या दाराची रुंदी किती आहे?

उत्तराची वाट बघत नाही.

नणंद


१२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात उभ्याने. मग शेगडी बंद करून खाली बसले. मी मूर्ख आहे. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर सूड उगवायला खोटं बोललात. वैतागून विचारणारा माणूस खिडकीचं एकदा विचारतो, दोनदा नाही. आणि दाराच्या रुंदीशी लंगड्या माणसाला काय करायचं आहे?

तुम्हाला यायचं होतं. पण शपथ घेऊन बसलेल्या माणसाला आपणहून येता येत नाही, उचलून आणलं तरच येता येतं. चालता पाय असेल तर उचलणार कोण? म्हणून दुखतंय म्हणालात. वन्सं, एवढं सोपं होतं ते. एक ओळ लिहायची होतीत. मी नाहीच म्हटलं असतं, तुम्ही भांडला असतात, आणि पुढच्या आठवड्यात आला असतात.

आता माझं ऐका. लंगडत येणार असाल तर येऊ नका. रोग्याशी मला भांडता येत नाही, हाताला वळणच पडलं आहे तसं. जन्मभर आजारी माणसांचं उणंदुणं ऐकून गप्प बसत आले. निवृत्त झाल्यावर तरी जिच्याशी बरोबरीने भांडता येईल अशी एक धडधाकट बाई मला घरात हवी आहे. हे दिवसभर वर्तमानपत्रात तोंड घालून बसतात, त्यांच्याशी भांडण म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा. ते चाचणी पुन्हा करून बघतील, ती काही शिक्षा नाही.

माग मोडायचा नाही असं मी ह्यांना सांगितलं आहे. तुमच्यावरच्या प्रेमाने नाही. रिकामी बसलेली नणंद दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करेल, त्यापेक्षा मागावर बरी. खिडकी मोठी आहे. मागाचे खांब आत यावेत म्हणून मागचं दार सुताराकडून रुंद करून घेतलं. त्यात चौकट नवी बसवावी लागली आणि खालचा उंबरठा निघाला. सुतार पुन्हा बसवू का म्हणत होता, मी नको म्हटलं. त्या दाराला आता ओलांडायला काही नाही. तुमच्या शपथेचं कसं बसवायचं ते तुम्ही बघा.

ती चादर अजून इस्त्रीच्या टेबलावरच आहे. नोकरीची सगळी वर्षं तिच्यावर रोज इस्त्री फिरली. तिच्याखालची गादी दोनदा बदलली, टेबल एकदा मोडलं, ती फाटत नाही. दोष तुमच्या हाताचा आहे.

लोभ नसला तरी चालेल, गुडघा असावा.

आपली,
वहिनी


११ एप्रिल

वहिनी,
अनेक आशीर्वाद.

एवढं भांडून झाल्यावर आता तुला तुम्ही म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा तूच म्हणते. तुझी सगळी पत्रं वाचली, तुझ्या तर्काबद्दल मी काही बोलणार नाही. आमच्या घराण्यात पद्धत नाही.

डॉक्टरांना मीच फोन केला. मागच्या वेळी फरक पडला होता असं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं की मग नाही का म्हणालात. मी म्हटलं, घरगुती कारण. ते बरं म्हणाले, त्यांनाही बहीण असावी. चाचणी पुन्हा झाली आणि गेल्या महिन्याच्या शेवटी नसा तापवून घेतल्या. तुला मुद्दाम कळवलं नाही. दाराशी येऊन उभी राहिली असतीस, आणि तुझ्यासमोर घाबरायचं मला जमत नाही. यंत्र आत कुरकुरतं, सुई टोचते, पण गुडघा बदलण्यापुढे ते काहीच नाही. सोबतीला शिंपीणबाई आल्या होत्या, वाटभर त्या स्वतःच्याच ऑपरेशनबद्दल बोलल्या.

पहिले काही दिवस जागा दुखरी होती आणि मी तुझ्या नावाने खडे फोडले. आता सांगते, सगळं गेलेलं नाही. हवा बदलली की आत कुठेतरी कुरकुर होते, आणि मागाखाली शिरताना उशी घ्यावी लागते. पण शिरते. काल सगळ्या पावड्यांच्या दोऱ्या मीच सोडल्या, माग सुटा करायला आलेल्या माणसांना हात लावू दिला नाही. खांबांवर खडूने खुणा केल्या आहेत, उतरवून घेताना धाकट्याला मधे पडू देऊ नकोस.

बुधवारी टेम्पो येईल. मी मागच्या दारानेच येईन, पुढच्या दाराला तुझा तो उंबरठा अजून आहे. राहायला येते आहे असं गल्लीत सांगू नकोस. माग एकटा सोडता येत नाही म्हणून येते आहे. स्वयंपाकात मीठ कमी असेल तर पहिल्याच दिवशी सांगेन.

उतरवायच्या आधी मागावर शेवटचं म्हणून एक कापड विणलं. दुहेरी धाग्याचं, जाड, सपाट, इस्त्रीच्या टेबलाच्या मापाचं. माप धाकट्याला फोन करून विचारलं, कशाला हवं ते सांगितलं नाही. ते बरोबर आणते आहे. माझी चादर तेवढी टेबलावरून काढून, धुऊन, मागच्या खोलीतल्या पलंगावर घालून ठेव. डाग वर आला तरी चालेल.

लोभ आहेच. तो आता बुधवारपासून समोरासमोर.

तुझी,
वन्सं